दोनदा काढलेली करंगळी

करंगळी आधी दिसली, बाई नंतर. दालनात शिरताना तिचं लक्ष भिंतींकडे नव्हतंच. बसायला बाक कुठे आहे आणि पाणी प्यायची काही सोय आहे का, एवढंच ती शोधत होती. तेवढ्यात त्या मोठ्या तपकिरी चित्रातला डावा हात दिसला. मांडीवर गोळा झालेल्या शालीवर तो ठेवलेला होता आणि त्याची करंगळी वरच्या पेरापाशी शेजारच्या बोटाकडे कललेली होती, कानात काही सांगायला माणूस कलतं तशी. तिने पर्सच्या पट्ट्यावरून स्वतःचा डावा हात काढला आणि समोर धरला. तोच वाक. तिच्या आईच्या माहेरच्या सगळ्या बायकांची ही खूण. मावशी म्हणायची, आपल्याकडे मुलगी झाली की लोक नाकडोळे नंतर बघतात, आधी करंगळी बघतात. ती चित्राच्या आणखी जवळ गेली, पुढे बांधलेल्या दोरीला पोट टेकेपर्यंत, आणि मग तिला दिसलं की ही करंगळी दोनदा काढलेली आहे. एक ठसठशीत, आणि तिच्या खालून डोकावणारी दुसरी, फिकी, जरा पलीकडे सरकलेली. पुसायची राहून गेली असावी तशी. तिला तिथून हलवेना. का, ते तिला लगेच सांगता आलं नसतं.

आज तिने इथे यायचं काही कारणच नव्हतं. वर्षातून एकदा यंत्रं तपासणारा तंत्रज्ञ येतो आणि तिला तिच्याच खोलीतून हाकलून देतो. तुम्ही असलात की श्वासाचा आवाज येतो, म्हणतो. त्यामुळे अर्धा दिवस रिकामा होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि दवाखान्यासमोर हे संग्रहालय होतं. इतकी वर्षं समोर असून ती त्याची पायरी चढली नव्हती. तिचं काम कानांचं. जाड दाराची, भिंतींना मऊ थर दिलेली एक लहानशी खोली. आत पेशंट, बाहेर ती, मध्ये काच. पेशंटने तिच्याकडे पाठ करून बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटण. "आवाज ऐकू आला की अंगठ्याने दाबा," असं ती दिवसभर सांगत असते. मग ती आवाज बारीक करत नेते. आणि या कामात तिला एक गोष्ट कळून चुकलीय, जी कुठल्याही अभ्यासक्रमात तिला कुणी नीट शिकवली नव्हती: माणसं न वाजलेला आवाजही ऐकतात. शांतता जरा लांबली की अंगठा दाबला जातो. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. ऐकू यावं असं इतकं वाटत असतं की कान बिचारा कबूल करून टाकतो. ती अशा दाबण्यांवर बारीक फुली मारते. नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलताना पण तू मनात फुल्या मारत असतेस. नवऱ्याचे कान तसे ठणठणीत आहेत, घरात काम सांगितलं की तेवढे जातात.

तेव्हा ती स्वतःलाच म्हणाली, दाबू नकोस. वाकड्या करंगळ्यांची काय जगात वानवा आहे? आई चित्रकाराकडे कामाला जायची, हे मावशीने सांगितलं होतं, एवढंच. "काय काम?" असं विचारल्यावर मावशी म्हणाली होती, "काम गं. जायची नि यायची." त्यावरून तिने आपली आई कुणाच्या तरी घरी लादी पुसताना डोळ्यांसमोर आणली होती, रंगाचे डाग पडलेली लादी. ते चित्र तिचं तिने रचलेलं होतं. ती शाळेत जायला लागायच्या आधीच आई छातीच्या दुखण्याने गेली होती. घरी आईचा एक फोटो आहे, कुठल्याशा लग्नातला, गळ्यापर्यंतचाच, आणि त्यात आई फोटो काढणाऱ्यावर वैतागलेली दिसते. जिवंत आईची एकही आठवण तिच्यापाशी नव्हती. चाल नाही, हाक नाही, ओरडा नाही. लोक म्हणतात, आईच्या पदराचा वास आठवतो. तिला तेही नाही. जे आठवत होतं ते एकच, आणि ते आईच्या मरणाचं होतं.

लालसर अंधार. लोकरीचा वास, त्यात डांबरगोळीचा वास मिसळलेला. गरम होतंय, पण बाहेर यावंसं वाटत नाही, किंवा येऊ देत नाहीत. डोक्यावर कसलंतरी वजन. आणि एक आवाज. खर्र. मग शांतता. पुन्हा खर्र, थोडा लांब. पुन्हा शांतता, इतकी की आता संपलं असं वाटावं. आणि मग पुन्हा. मोठी होता होता तिने त्याचा अर्थ लावला होता: आईचा शेवटचा श्वास लागला होता तेव्हा आपण त्याच खोलीत होतो, पांघरुणाखाली, आणि आपल्याला दिसू नये म्हणून कुणीतरी आपलं डोकं दाबून धरलं होतं. तिने एकदाच मावशीला विचारलं होतं. मावशी ताडकन म्हणाली होती, "काहीतरीच काय! तू शेजारच्यांकडे होतीस, भातुकली खेळत. तुला आणलं ते सगळं उरकल्यावर." मावशी प्रेमाने खोटं बोलतेय हे तिला कळलं होतं आणि तिने विषय सोडून दिला होता. पण आवाजाने तिला सोडलं नाही. कानांच्या शिक्षणाला ती का गेली असं कुणी विचारलं की ती म्हणते, तिथे प्रवेश मिळाला म्हणून. खरं म्हणजे यंत्रातून निघणारा प्रत्येक नवा आवाज ती त्या आवाजाशेजारी ठेवून बघायची. एकही जुळला नाही. नवरा घोरायला लागला की ती उशी घेऊन बाहेरच्या खोलीत येते. त्याला वाटतं, बाई नाजूक झाली. ती तिथे पडून त्या एकुलत्या एका आठवणीकडे जाते. भीती वाटते, तरी जाते, कारण आईकडे जायला तिला दुसरी वाटच नव्हती. मावशीही दोन वर्षांपूर्वी गेली आणि विचारायचं दारच बंद झालं.

"बाई, जरा सरकता का? हात झाकलात तुम्ही."

आवाज एवढा मोठा होता की ती दचकून दोरीपासून मागे झाली. मागच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. उन्हाळ्यातही कोट, मांडीवर कडक, मळकी कापडी पिशवी, आणि त्याच्या उजव्या कानातून बारीक शिट्टी येत होती. बाकी कुणाला ती ऐकूही गेली नसती. तिचे दात आंबले.

"तुमचं मशीन वाजतंय," ती म्हणाली.

"काय?"

"मशीन! कानातलं!"

दाराशी खुर्ची टाकून बसलेला रखवालदार उठून आला. "आजोबा, हळू. सांगून थकलो." आणि तिच्याकडे वळून, जरा अभिमानाने, "दर आठवड्याला येतात. हे चित्र त्यांचंच आहे."

"म्हणजे त्यांनी दिलेलं?"

"काढलेलं."

तिने पुन्हा चित्राकडे पाहिलं नाही. तिला पाहवलं नाही. तिने जे रोज करते तेच केलं, म्हाताऱ्याच्या शेजारी बसली, "मी बघू का? माझं कामच आहे," असं म्हणून मशीन काढलं, पुसलं आणि कानात जरा पिळून नीट बसवलं. शिट्टी थांबली. म्हातारा क्षणभर वर छताकडे बघत राहिला.

"अरे वा," तो म्हणाला. "मला वाटायचं हे दालनच वाजतं. सून रोज बसवते, पण ती कान म्हणजे कुलूप समजते." मग त्याने तिच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही हातच बघत होतात ना? लोक तोंड बघतात. आवडले?"

चाचणीचा पहिला नियम असा की पेशंटला तुमचा हात दिसता कामा नये. तुम्ही कळ दाबताय हे दिसलं की तो आवाजाला नव्हे, तुमच्या खांद्याला उत्तर देतो. तिने आपला डावा हात पर्सखाली सरकवला. तिला काय हवंय याचा वासही या माणसाला लागता कामा नये. नाहीतर म्हातारी माणसं भली असतात, समोरच्याला हवं ते आठवून देतात. "कोण आहेत या?" तिने विचारलं, रांगेतल्या माणसाला वेळ विचारावी तसं.

"न्यायाधीशाची बायको. म्हणजे तोंड तिचं. मानेखाली सगळं दुसरीचं." तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे, तो खूश झाला. "असंच असायचं हो. मोठ्या घरच्या बायकांना वेळ कुठला? दोनतीनदा यायच्या, तोंड देऊन जायच्या. मग त्यांचे कपडे, शाल, दागिने आमच्याकडे यायचे, आणि ते अंगावर घालून दुसरी कुणीतरी बसायची. पैसे घेऊन. घड्या, हात, पाय, सगळं तिच्यावरून. चित्रं बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. तुमचा आमदार बघा तिकडे, तो मानेखाली माझा न्हावी आहे."

ती हसली. हसायला हवं होतं म्हणून हसली. जायची नि यायची. काम गं. मावशीला लाज वाटली असेल. दुसऱ्याच्या बायकोचे कपडे घालून परक्या पुरुषासमोर बसायचं, हे भाचीला कसं सांगणार? लादी बरी. "मग हिच्या वेळी कोण बसलं होतं?"

"होती एक बाई. मागच्या गल्लीतली. शिवण करायची, खोकायची फार. नाव नका विचारू, ते गेलं."

"दिसायला कशी होती?"

हे तिने फार भरकन विचारलं. कळ दाबताना हात दिसला. म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"खोटं कशाला सांगू? मी बघितलंच नाही. तिच्या मानेच्या वर बघायचं नाही, असं ठरवून काम करायचो. बघितलं असतं तर ती या तोंडात उतरली असती आणि न्यायाधीश म्हणाला असता, ही माझी बायको नव्हे." तो थांबला. "हात मात्र डोळे मिटून काढून देईन."

तिला त्याचा इतका राग आला की उठून जावंसं वाटलं. एवढे दिवस समोर बसलेली बाई, जिच्याकडे बघायचे या माणसाला पैसे मिळत होते, आणि हा मेला मानेशी थांबला! जगात आईचा चेहरा आठवू शकेल असा हा बहुधा शेवटचा माणूस, आणि त्याने तो पाहिलाच नव्हता. बघायचं तरी एकदा. काम संपल्यावर, पैसे हातावर ठेवताना तरी वर बघायचं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून ती चित्राकडे वळली. न्यायाधीशाची बायको समोर बघत होती, टापटीप, जरा कंटाळलेली. तिच्या खाली ते हात होते, तिच्याशी काही देणंघेणं नसलेले. उजवा खुर्चीच्या हातावर, सुंदर आणि मेलेला. आणि डावा, त्या दोन करंगळ्यांचा.

"ते बोट दोनदा का काढलंय?" तिने विचारलं. खरं तर काहीतरी बोलायचं म्हणून.

"दिसलं तुम्हाला!" म्हातारा पुन्हा मोठ्याने म्हणाला, आणि रखवालदाराने दुरूनच तोंडावर बोट ठेवलं. "ती चूक आहे. त्या चुकीलाच मी येतो बघायला. बाकी मी आयुष्यभर बिनचूक काढलं, ते सगळं लोकांच्या दिवाणखान्यांत लटकतंय. न्यायाधीशाची बायको माझ्यावर उखडली होती. म्हणाली, मला सहा बोटं आहेत का? आणि माझी करंगळी वाकडी आहे का? चित्र परत पाठवलं. म्हणून तर फिरत फिरत ते इथे येऊन लागलं." तो पुढे वाकला. "अहो, हात हलायचा तिचा. ठेव म्हटलं की ठेवायची, दगडासारखा. जरा वेळ गेला की करंगळी हलली. मी ओरडायचो, बाई, हात आहे की मासोळी? ती म्हणायची, चुकलं. पुन्हा ठेवायची. पुन्हा हलायचा."

"का हलायचा?" तिने विचारलं. सावकाश. एकेक शब्द मोजून.

"पोर होती ना खाली."

दालनात कुणाचे तरी बूट वाजत गेले. ती थांबून राहिली. पेशंट विचारात असेल तेव्हा मध्ये बोलायचं नसतं.

"तिची पोर. घरी सांभाळायला कुणी नसायचं म्हणून घेऊन यायची. पहिल्याच दिवशी माझ्या निळ्यात बोटं घातली कार्टीने. मग आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि वरून शाल ओढली. पोर गप्प! शालीला जो उंचवटा आला तो मला आवडला. म्हटलं, असंच राहू दे. ते बघा, हाताखाली. लोक विचारतात, मांडीवर मांजर आहे का म्हणून. आणि बाई वरून थोपटत राहायची. तिला कळायचंही नाही आपण थोपटतोय ते. पोर उठली तर बैठक मोडेल, बैठक मोडली तर पैसे बुडतील, म्हणून थोपटायची, आणि थोपटलं की माझा हात बिघडायचा." तो स्वतःशीच हसला. "शालीवर लाळेचा डाग पडला होता. त्यावरूनही बोलणी खाल्ली मी."

तिने बाकाची कड घट्ट धरली. चित्रातल्या लालसर शालीला उंचवटा होता, एका लहान डोक्याएवढा. तिच्या आत सगळं एकदम म्हणत होतं, दाब, दाब, आता दाब. पण तिने आयुष्यभर फुल्या मारल्या होत्या. पोरं असंख्य असतात. मांड्या असंख्य असतात, शाली पण. शिवण करणाऱ्या, खोकणाऱ्या बायका तर गल्लीला दहा. एकच गोष्ट अशी होती जी तिने कुणालाही पूर्ण सांगितली नव्हती. मावशीला अर्धी, नवऱ्याला अजिबात नाही.

"मग करंगळी हलली की तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? खरवडायचो. रंग ओला असतो तोवर निघतो. सुरीने खरवडायचा, सुरी फडक्याला पुसायची, पुन्हा खरवडायचा. कॅनव्हासचं नशीब फुटलं होतं त्या दिवसांत. काढायचा, खरवडायचा. काढायचा, खरवडायचा. शेवटी कंटाळून एकावर एक तशीच ठेवली."

"दाखवाल?" ती म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "कसं खरवडायचात ते?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं, पण कारागिराला हे विचारलं की तो कारण विचारत नाही. त्याने खिसे चाचपले, बसचा कडक पास काढला, आणि ती मळकी पिशवी गुडघ्यांवर ताणून धरली. "ही कॅनव्हासचीच आहे," तो म्हणाला, "उरलेल्या तुकड्याची. रंग पिऊन पिऊन लाकूड झालीय."

ती त्याच्याकडे पाठ करून बसली. तिच्या खोलीत सगळे बसतात तशी, चाळीस-पन्नास वर्षांची, ऐंशी वर्षांची, मुकाट पाठमोरी माणसं. तिला कधी कळलं नव्हतं की त्या बाजूला बसल्यावर मान इतकी उघडी पडते. तिने डोळे मिटले. रिकामी मूठ वळली, अंगठा वर ठेवला.

खर्र.

अंगठा दाबला गेला. तिने दाबला नव्हता, तो दाबला गेला. तोच. तोच, तसाच, सुरुवातीला कोरडा आणि शेवटी ओढलेला. आयुष्यभर यंत्रातून शोधला तो हा. मग शांतता, सुरी पुसायला लागते तेवढी. म्हाताऱ्याच्या हाताला ती सवयच होती, पासही त्याने कोटाला पुसला असणार. मग पुन्हा खर्र, थोडा लांब. श्वास नव्हता तो. कधीच नव्हता. मावशी खरंच सांगत होती, ती शेजारच्यांकडे भातुकली खेळत होती, आणि आई तिच्याशिवाय गेली होती. आणि हा लालसर अंधार, ही लोकर, ही डांबरगोळी, ही ऊब, ज्यात ती इतकी वर्षं जीव मुठीत धरून जात आली, तिथे आई जिवंत होती. खोकत होती, ओरडा खात होती, चुकलं म्हणत होती. डोकं कुणी दाबून धरलं नव्हतं.

म्हातारा थांबला होता. पिशवी गप्प झाली होती. "ऐकू आलं का?" त्याने मोठ्याने विचारलं, आणि रखवालदार "आजोबा!" म्हणाला, आणि मग दालनात काहीच वाजलं नाही. ती तशीच बसून राहिली, पाठ करून, डोळे मिटून. त्या न वाजणाऱ्या जागेत तिच्या डोक्यावर, जरा डावीकडे, काहीतरी हललं. फार हलकं. एक बोट, वरच्या पेरात वाकलेलं. तिने अंगठा पुन्हा दाबला, आणि दाबून धरला, आणि या वेळी फुली मारली नाही.